मागच्या पानापासून

कुमुदमावशींनी मला वाचायला बसवलं, म्हणून माझी मुलगी आज सांगलीच्या वसतिगृहात राहून शिकते आहे. हे आधीच लिहून टाकतो. पुढं सांगताना माझं काही इकडंतिकडं झालं, तरी एवढं राहायला नको.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. जन्म बागबाजारातला, तीन पिढ्या कोलकात्यातच. जमिनीखाली खनिजं शोधणाऱ्या एका कंपनीत शेअर्सचं खातं सांभाळून त्या निवृत्त झाल्या आणि आता सॉल्ट लेकमध्ये एकट्या राहतात. मी गलाईवाला. आठवीत शाळा सोडली आणि सियालदहजवळ मामाच्या दुकानात जुने दागिने वितळवायला आलो, तो इथलाच झालो. एकदा मावशी तुटकी बांगडी घेऊन आल्या. मी कस लावला, मूस भट्टीत ठेवली, बाहेर काढली. तोवर त्या स्टुलावरून हलल्या नाहीत. मी मामाशी मराठीत बोललो तेव्हा शांतपणे मराठीतच म्हणाल्या, "मग मघापासून माझ्याशी हिंदीत का झगडतोयस?"

तेव्हापासून माझे रविवार त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यांची एक सवय मला फार चमत्कारिक वाटायची. कंपनीचा वार्षिक अहवाल त्या पत्र पाठवून छापील मागवायच्या आणि मागून वाचायच्या. म्हणायच्या, "पुढची पानं पाहुण्यांसाठी. घरातलं काय ते मागच्या खोलीत असतं."

मुलगी दहावी झाली त्या वर्षीची गोष्ट. वसतिगृहाची फी जूनमध्ये भरायची होती, आणि पहिल्या वर्षापुरती रक्कम मी कशीबशी जमवली होती. शेजारच्या दुकानातला सदाशिव म्हणाला की ती सोनं शोधणाऱ्या कंपनीत घाल; मुद्दल तसंच राहील आणि दरवर्षी फी डिव्हिडंडमधून जाईल. त्यानं दाखवलेल्या चित्रात सोन्याची वीट होती. आमच्या धंद्यात सकाळी भट्टीत घातलेलं सोनं संध्याकाळी ज्याचं त्याला मिळतं. कंपनीचंही तसंच असणार, असं मी धरून चाललो. मोबाइलवर खातंसुद्धा उघडून झालं होतं, फक्त बटण दाबायचं होतं. पण माझा स्वभाव भित्रा. म्हटलं, मावशींना विचारून दाबू. कंपनी निघाली त्या निवृत्त झाल्या तीच.

त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. कपाटावरून लाटण्याएवढा एक गोल, करडा दगड काढून माझ्या हातात दिला. जमिनीत खोल भोक पाडून काढलेला.

"यात सोनं किती?"

मी खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहिला. म्हटलं, दिसत नाही.

"असे पेट्या भरभरून काढतात, तपासतात आणि दुसरीकडे भोक पाडतात." मग म्हणाल्या, "गिऱ्हाईक सोनं घेऊन आलं की त्याचं तोंड बघतोस, की कस लावतोस?"

"कस लावतो."

"मग याला लाव." आणि अहवाल माझ्या मांडीवर ठेवला.

अहवाल इंग्रजी. मला एक ओळ धड वाचता येईना. मावशींनी चिठ्ठीवर डिव्हिडंड हा एकच शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून दिला. "एवढाच शोध," म्हणाल्या, आणि मोहरीचं तेल घालून मुरमुरे कालवायला आत गेल्या. मी मागच्या पानापासून ओळीओळीवर बोट फिरवत बसलो. दुपार कलली तेव्हा तो शब्द सापडला. ती ओळ त्यांनी अर्थासकट समजावली: कंपनीनं आजवर लाभांश दिलेला नाही, नजीकच्या काळात द्यायचा विचार नाही, हाती येईल तो पैसा शोधावरच खर्च होईल.

मी चिडलो. म्हटलं, ही तर फसवणूक झाली.

"कुठली फसवणूक? स्पष्ट लिहिलंय. अजून खाणच नाही, वाटणार काय? आणि असलेलं वाटून टाकलं तर शोधणार कशानं?"

तरी मी तीनदा विचारलं, निदान पुढच्या वर्षी? त्यांनी मुरमुऱ्यांची वाटी पुढं सरकवली. "दिनकर, तुला जूनमध्ये फी भरायची आहे. दगडाला जून कळत नाही."

शेअर मी घेतला नाही. महिन्याभरात त्याचा भाव वाढला. सदाशिव मला गल्लीभर 'प्रोफेसर' म्हणून हाका मारू लागला. मला जेवण जाईना. मावशींकडे गेलो, तर म्हणाल्या, "वाढू दे की. त्याला भाव हवा होता, तुला फी हवी होती." जूनमध्ये फी भरली. पुढं त्या भावाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

मावशींकडे मात्र त्या कंपनीचे शेअर नोकरीपासूनचे आहेत, हे नंतर कळलं. लाभांश म्हणून एक रुपया आलेला नाही. का ठेवलेत विचारल्यावर म्हणाल्या, "माझ्या पैशाला कुठं जायची घाई नाही. आणि काय सापडतं ते मला बघायचंय."

आता त्यांना नीट दिसत नाही. समोरच्या माणसाचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा होतो, आणि गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. यंदाच्या अहवालाचं पाकीट त्यांनी न फोडताच माझ्या हाती दिलं. मी अडखळत मागून वाचत गेलो. ती लाभांशाची ओळ आली तेव्हा माझ्या आधी त्यांनीच ती तोंडपाठ म्हटली. दोघंही हसलो.

त्यांचं देणं फेडायचं कसं, हा घोर मला आहेच. एकदा मिठाई नेली, तर अर्धी मलाच बांधून दिली. म्हणून एक ठरवलंय. पाकीट येईल त्या रविवारी मी सियालदहहून जाणार आणि मागच्या पानापासून वाचणार. ज्या वर्षी ती ओळ बदललेली असेल, त्या वर्षी ती त्यांना माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकू येईल, एकही अक्षर न गाळता.