मैनाकाकूंची डावी बाजू

मैनाकाकू आणि खुशालकाका एकमेकांशी बैलामार्फत बोलत. यात नवल काही नाही. दर्यापूरच्या आमच्या गल्लीत तेव्हा निम्मे नवरा-बायको असेच बोलत, कोणी भिंतीशी, कोणी पाळण्यातल्या पोराशी. सासू ओसरीवर बसलेली असताना नवऱ्याशी तोंडावर बोलणं म्हणजे निलाजरेपणा, आणि काकूंची सासू गंगूबाई ओसरीवरून कधी उठतच नसे. मग काका गोठ्याच्या तोंडाशी उभे राहून म्हणत, “ढवळ्या, तिले सांगजो, उद्या मी वावरातच जेवीन.” काकू चुलीपुढून उत्तर देत, “ढवळ्या, त्यायले म्हणा, भाकर बांधून ठेवली हाय.” ढवळ्या दोघांचंही ऐकून घेई आणि शेपटीनं माशा हाकलत राही.

मी त्यांची चुलत सून. लग्न होऊन या गल्लीत आले ती चौसष्टच्या उन्हाळ्यात. त्याआधीचं जे सांगते आहे ते काकूंच्या तोंडचं, कापूस वेचता वेचता ऐकलेलं. काकूंना रंगवून सांगायची सवय नव्हती, तेव्हा कुठे रंग चढला असलाच तर तो माझा समजावा.

अठ्ठावन्न साली काकूंच्या डाव्या छातीत गाठ निघाली. सुपारीएवढी होती आणि दुखत नव्हती, म्हणून त्यांनी बरेच दिवस कोणाला सांगितलंच नाही. शेवटी दर्यापूरच्या डॉक्टरांनी अमरावतीला धाडलं आणि तिथल्या मोठ्या दवाखान्यात डावा स्तन काढून टाकला. जीव वाचला. काकू घरी आल्या, गंगूबाईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, शेजारणी येऊन हळहळून गेल्या. आणि त्याच दिवशी काकूंनी आपलं अंथरूण खोलीतून उचललं आणि माजघरात सासूशेजारी घातलं.

खोलीत काका एकटे झोपू लागले. कोणी काही विचारलं नाही. विचारणार कसं? ही काही ढवळ्याकरवी विचारण्यासारखी गोष्ट नव्हती. काका आता आपल्याकडे नीट पाहतसुद्धा नाहीत, डाव्या बाजूनं तर कधी जवळूनही जात नाहीत, हे काकूंनी हेरलं होतं. त्यांनी मनाशी नक्की केलं की या माणसाला आपली किळस आली आहे. तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. मला सांगताना म्हणाल्या, “मले मरणाचं एवढं वाईट वाटलं नसतं, सूनबाई.”

बाहेर जायचं तर चोळी एकीकडून रिकामी दिसते. त्यावर उपाय घरातच होता. आमच्या वऱ्हाडात आणखी काही नसलं तरी कापूस असतोच. काकूंनी जुन्या लुगड्याची थैली शिवून तीत कापूस भरला. पण कापूस हलका. हात वर केला की थैली सरकत सरकत गळ्याशी येई, आणि बाजूच्या बाईशी बोलता बोलता काकूंना ती खाली ओढावी लागे. वजन पाहिजे म्हणून मग त्यांनी कापसात मूठ-मूठ सरकी मिसळली. आता थैली जागच्या जागी राहू लागली. पावसाळ्यात सरकी ओल धरून फुगायची, तेव्हा काकूंची डावी बाजू उजवीपेक्षा भरदार दिसायची, एवढंच.

सरकी हे गुरांचं आवडतं खाणं आहे, हे शेतकऱ्याच्या बायकोला सांगावं लागत नाही. पण माणूस आपल्याच काळजीत असला म्हणजे साधी गोष्ट विसरतो.

त्रेसष्टचा पोळा. ढवळ्याच्या शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. तोरणाखालून बैल सुटले आणि घरोघर पूजेला आले. काकू ताट घेऊन दारात उभ्या, भोवती गल्लीतल्या बायका. त्यांनी ढवळ्याच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि पुरणपोळी पुढे केली. ढवळ्यानं पोळीकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यानं सरळ काकूंच्या पदरात तोंड घातलं. काकू मागे सरकल्या, तोही पुढे सरकला, आणि एका हिसक्यात थैली बाहेर निघून त्याच्या तोंडात गेली. सगळ्या गल्लीसमोर तो ती शांतपणे चावत उभा राहिला.

बायका हसल्या. वाईट मनानं नसतील हसल्या, पण हसल्या. काका कासरा धरून उभे होते. त्यांनी मान फिरवली. काकू ताट तिथेच ठेवून घरात गेल्या, आणि पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत त्या वावर सोडून कुठे गेल्या नाहीत. हळदीकुंकवाला नाही, बाजारालाही नाही.

पौष संपता संपता काका कापूस विकायला अकोल्याला गेले आणि तिथल्या कापूस बाजारात त्यांच्या कानावर आलं की विलायतेहून शिकून आलेला एक डॉक्टर गावात आहे, तो कापलेलं, जळलेलं अंग पुन्हा नीट करतो. घरी येऊन ते गोठ्यात गेले. ढवळ्यापुढे कडबा टाकला. मग म्हणाले, “ढवळ्या, तिले सांग, अकोल्याले एक डाक्टर हाय. ते भरून काढते म्हणते. तिची इच्छा असन तर जाऊ.”

ढवळ्याकडून अशा गोष्टीचा निरोप येण्याची ती पहिलीच वेळ. काकूंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाल्या, “ढवळ्या, त्यायले म्हणा, जाऊ.” मनात म्हणाल्या, किळस येतेच ना, म्हणूनच नेऊन राहिले.

एसटीनं दोघं अकोल्याला गेली. डॉक्टर राजूरकर तरुण होते, बोलायला साफ. पडद्यामागे काकूंना तपासून ते खुर्चीवर येऊन बसले आणि त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे कातडीखाली बाहेरची वस्तू बसवायची, परदेशातून येणारा प्लॅस्टिकचा स्पंज. “तो काही बायकांच्या अंगात लाकडासारखा कडक होतो. मी स्वतः पाहिलंय.” दुसरी वाट म्हणजे काकूंच्याच अंगावरची चरबी कमरेखालून काढायची आणि छातीत भरायची. त्यासाठी मुंबईला जावं लागेल, ते आपल्या गुरूंना चिठ्ठी देतील.

काकूंना स्पंज मुळीच पटला नाही. प्लॅस्टिकची फणी त्यांच्या माहितीची होती, ती उन्हात वाकडी होते. पण दुसरी गोष्ट त्यांना एकदम आवडली. गोधडी फाटली तर तिच्याच काठाचं ठिगळ लावतात, तसं हे. “कमरेवर तर लय हाय डाक्टरसाहेब,” त्या म्हणाल्या, “अजून दोघी-तिघींले पुरन.” डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.

“पण ऐका,” डॉक्टर म्हणाले. “भरलेली चरबी सगळी टिकत नाही. अंग त्यातली बरीच जिरवून टाकतं. आणि कधीकधी उरलेली कडक होते, तिच्या गाठी होतात. मग उद्या तुमच्या हाताला गाठ लागली तर ती चरबीची की त्या जुन्या रोगाची, हे मलाही हात लावून सांगता येणार नाही. परत कापून पाहावं लागेल.”

काकूंचं हसू गेलं. गेली पाच वर्षं रोज सकाळी अंघोळीला बसल्या की त्या छातीवरून हात फिरवून पाहत, आणि हाताला काही लागलं नाही की मगच पाणी घेत. “म्हणजे रोज भ्याव लागन,” त्या म्हणाल्या.

“हो. भीती राहील.”

“डाक्टरसाहेब, त्यायले इचारा, त्यायचं काय म्हणणं हाय,” काकू म्हणाल्या. काका घड्याळाकडे पाहतच म्हणाले, “डाक्टरसाहेब, तिले सांगा, तिची मर्जी.” असं बराच वेळ चाललं. बैलाच्या जागी आता विलायतेहून आलेला डॉक्टर बसला होता, फरक इतकाच की त्याला या कामाची सवय नव्हती. तो एकदा इकडे, एकदा तिकडे पाहू लागला. तेवढ्यात नर्सनं दाराशी येऊन हाक मारली, बाहेर कोणीतरी पाय मोडलेला आला होता. डॉक्टर सुटका झाल्यासारखे उठले आणि दार ओढून निघून गेले.

खोलीत दोघंच उरली. सासू नाही, बैल नाही, तिसरं कोणीच नाही.

काकूंनी टेबलावरच्या दौतीकडे पाहून म्हटलं, “करून घेतो मी. भ्याव लागलं तर लागलं. माणसाले आपल्याकडं पाहवत नाई, त्यापरीस भेव बरं.”

काका त्यांच्याकडे वळले. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यांनी बायकोला तोंडावर नावानं हाक मारली. “मैना,” ते म्हणाले, “मले पाहवत नाई, हे तुले कोणं सांगतलं? तू दाखवलंच कवा? अंथरूण उचलून गेली तू. मले वाटलं, तुले मी जवळ नको. तुह्या जखमेले धक्का लागन म्हणून डावीकून येतही नोतो मी.”

हे सांगताना काकू कापूस वेचायच्या थांबल्या होत्या. म्हणाल्या, “सूनबाई, मले एवढा राग आला ना. त्यायचाबी आन् माहाबी. पाच वर्सं!” आणि त्या रागातच त्या पडद्यामागे गेल्या आणि आतून म्हणाल्या, “या मंग इकडं. पाहा.”

काका आत गेले. चोळीची गाठ सोडून काकू उभ्या होत्या. तिथे सपाट छाती होती आणि बगलेपर्यंत गेलेला एक वाकडा व्रण. काकांनी तो नीट, सावकाश पाहिला. मग विचारलं, “दुखते काय?”

“आता नाई. हिवाळ्यात खाजते.”

“मंग तेल लावत जा ना,” काका म्हणाले. आणि रडले. काकूही रडल्या. दवाखान्याच्या पडद्यामागे पाच वर्षांचं रडणं दोघांनी उरकून घेतलं.

डॉक्टर परत आले तेव्हा दोघं खुर्च्यांवर बसलेली होती. “काय ठरलं?” त्यांनी विचारलं.

“काई नको डाक्टरसाहेब,” काकू म्हणाल्या. “आमचं पाहून झालं.”

डॉक्टरांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी रोज भीत बसण्यापेक्षा महिन्यातून एकदा नीट कसं तपासायचं ते दाखवून दिलं आणि दोघांना वाटेला लावलं. त्या संध्याकाळी माजघरातलं अंथरूण पुन्हा खोलीत गेलं. गंगूबाईनं ते पाहिलं आणि “मले पाय पसरायले जागा झाली बाप्पा” म्हणून ती कुशीवर वळली. काकू पुढे खूप वर्षं जगल्या, आणि गाठ काही परत आली नाही.

मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा त्यांच्या खोलीत खुंटीवर काकांच्या टोपीशेजारी एक थैली लटकलेली पाहिली. मला वाटलं सुया टोचायची असेल, म्हणून मी तिला सुई टोचून ठेवली. काकू पोट धरून हसल्या, आणि मग ही सगळी गोष्ट हळूहळू मला कळत गेली. बाजाराला जाताना त्या ही नवी शिवलेली थैली घालत. घरी आल्या की खुंटीला.

त्या वर्षीचा पोळा मी डोळ्यांनी पाहिला. काकू ताट घेऊन बाहेर आल्या, थैली खुंटीलाच ठेवून. चोळी डावीकडे सपाट. बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. काका ढवळ्याला घेऊन दाराशी आले. त्यानं सवयीनं काकूंच्या पदराला नाक लावलं, हुंगलं, काही नाही म्हणताना मुकाट्यानं पोळी खाल्ली. काकू पायांवर पाणी घालायला वाकल्या तसा तो जरा हलला, आणि काका सगळ्या गल्लीसमोर, ओसरीवरच्या आईसमोर, मोठ्यानं म्हणाले, “मैना, जपून! पाय देईन तो.”

गंगूबाईच्या हातातली सुपारी खाली पडली. बायकांनी पदर तोंडाला लावले आणि सगळ्या जणी डोळे फाडून काकांकडे पाहत राहिल्या, बायकोचं नाव घेणाऱ्या त्या माणसाकडे. काकूंच्या डाव्या बाजूकडे त्या दिवशी कोणी पाहिलंच नाही.