गॅरेजवरची संस्था

अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या शेजारी, गॅरेजवरच्या खोलीत, एक संस्था होती. देशोदेशी पांगलेल्या स्लोव्हेनियन संशोधकांना धरून ठेवणाऱ्या मोठ्या संस्थेची ही इथली शाखा, आणि शाखा म्हणजे शेजारचे काका-काकू. काका भूगर्भशास्त्रज्ञ. माझ्या मुलांनी त्यांना काका केलं, मग मीही.

नियम एकच होता: आपलं संशोधन आपल्याच भाषेत सांगायचं. बाहेर दिवसभर इंग्रजी झाडणारी माणसं त्या खोलीत अडखळत का होईना, आपल्या भाषेत बोलत. मी जायची ती काकूंच्या अक्रोडाच्या गोड पावासाठी. "गाढवापुढे वाचली गीता," असं नवरा चिडवायचा. मी म्हणायची, "गाढवाला पाव मिळतो ना?"

हळूहळू कुणी वारलं, कुणी मुलांकडे राहायला गेलं. हिवाळ्यात काकूही वारल्या. काकांनी शेवटचं व्याख्यान द्यायचं ठरवलं आणि देशाच्या दुसऱ्या टोकाच्या बेलव्ह्यूहून मुलीला बोलावून घेतलं. तिला ते समजावं, एवढंच त्यांना हवं होतं. खोलीभर खुर्च्या मांडल्या होत्या. बसलो आम्ही दोघीच. पाव दुकानातला होता.

काका बराच वेळ बोलले. नेहमीप्रमाणे मला काही कळलं नाही. शेवटी त्यांचा आवाज कापरा झाला. मुलगी म्हणाली, "डॅड, शेवटचं इंग्लिशमध्ये सांगशील?"

त्या खोलीत असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी चष्मा काढून पुसला आणि इंग्रजीत सांगितलं.

त्यांच्या गावची नदी जमिनीत गडप होते. ती कुठे निघते हे शोधायला विद्यार्थी असताना त्यांनी तिच्यात हिरवा रंग सोडला होता. डोंगरापलीकडच्या झऱ्यावर पाळत ठेवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून आई बसली. पाणी हिरवं झालं तेव्हा ती डोंगर चढून सांगायला आली. त्यांचा पहिला शोध तो, पाहिला आईने.

मुलीचे डोळे भरून आले. "हे मला कधीच का नाही सांगितलंस?"

"दरवर्षी सांगायचो," काका म्हणाले. "इथेच. तू पहिल्या रांगेत बसायचीस."

मला त्या पोरीचा राग आला आणि लगेच तिची कीवही आली. माझी मुलं तरी कुठे वेगळी आहेत?

खुर्च्या मिटताना काका म्हणाले, "या तू घेऊन जा. तुमच्या महाराष्ट्र मंडळाला लागतील."

मी बरं म्हटलं आणि त्यांच्यासमोर चार खुर्च्या गाडीत टाकल्या. आमच्या गॅरेजमध्ये मंडळाच्या खुर्च्या केव्हापासून भिंतीला टेकून पडल्या आहेत, हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही.