तिचा आकडा अधिक तीन

मिनिटबाई हे नाव मीच पाडलं, आणि चांगल्या हेतूने पाडलं नाही.

आमच्या रुग्णालयात दोन सर्व्हर. तिसऱ्या मजल्यावरचा तिचा, त्यात तपासण्यांचे अहवाल. तळघरातला माझा, त्यात रुग्णांचे केसपेपर. दोन्हींवर रोज सकाळी सहाला अँटीव्हायरसचा स्कॅन आपोआप सुरू व्हायचा, आणि तो संपेपर्यंत सर्व्हर रेंगाळायचा. कामावर आलं की पडद्यावर बघायचं, स्कॅनला किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचं, दहाच्या आत वही साहेबांच्या टेबलावर. शेंबडं पोरही करील असं काम. पण ही बाई ते असं करायची, की कुणाची नाडीच मोजते आहे असं वाटावं.

तिच्या वडिलांची बेकरी होती. लहानपणी ती भट्टीसमोर घड्याळ घेऊन बसायची. "दोन मिनिटं इकडे तिकडे झाली की अख्खी भट्टी करपते," हे तिने आम्हाला शंभरदा ऐकवलं असेल. मनगटावर घड्याळही वडिलांचंच, ढगळ, कोपरापर्यंत घसरणारं. आकडा चार मिनिटांनी वाढला तरी शेजारी बारीक अक्षरात कारण लिहायची. साहेब ती वही सगळ्यांना दाखवत, मला जरा जास्तच. उपप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि नोकरीत मी तिच्याहून सहा वर्षांनी जुना होतो.

जळायचो मी, सरळ सांगतो. बायको म्हणायची, "अहो, भाजीत मीठ नसलं तरी तुम्हाला कळत नाही, पण त्या बाईचं नाव काढल्याशिवाय घास उतरत नाही."

ती चहाला गेली की मी तिची वही उघडायचो. एखादी तरी चूक सापडावी म्हणून. कधी सापडली नाही. एकदा मला उशीर झाला आणि तळघरात उतरायचा कंटाळा आला. दोन्ही सर्व्हर एकाच दिवशी आलेले, आणि सुरुवातीला माझ्या स्कॅनला तिच्यापेक्षा तीन मिनिटं जास्त लागत. तिचा आकडा उचलला, तीन मिळवले, लिहून टाकलं. कुणी हूं की चूं केलं नाही. मग सोकावलो. पुढची दोन वर्षं त्या तीन मिनिटांवर काढली.

मधे खालच्या खिडकीवरचा कारकून दोनदा येऊन गेला. "दादा, आठला खिडकी उघडतो, पण पावणेनऊपर्यंत केसपेपरच उघडत नाहीत. लोक ताटकळतात हो."

"ही वही बघ. सत्त्याण्णव मिनिटं. माझा स्कॅन आठच्या आधीच संपतो," मी म्हणालो. बिचारा निघून गेला.

एका सोमवारी तिच्या वहीत अकरा होते. मी चौदा लिहिले. हात सवयीने चालला, डोकं नाही.

दहाला साहेबांनी मला बोलावलं. मिनिटबाई तिथेच उभी होती. तिच्या सर्व्हरमधली एक डिस्क बंद पडली होती. ती स्कॅनला दिसलीच नाही, म्हणून अकरा मिनिटांत आटोपलं होतं. तिने ते सकाळीच हेरून सांगितलं होतं. "आणि तुमचेही चौदाच!" साहेबांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे तुमचीही डिस्क गेली?"

तिघेही तळघरात उतरलो. डिस्क सगळ्या जागच्या जागी, दिवे हिरवे. पडद्यावर सकाळची ओळ तशीच होती: एकशे एकसष्ट मिनिटं.

"मग हे चौदा आले कुठून?" साहेबांनी विचारलं.

मिनिटबाईने माझी वही चाळली. पाच-सहा पानं मागे गेली, थांबली. आपलेच आकडे होते, प्रत्येकात तीन मिळवलेले; तिने ओळखले. माझ्याकडे एकदाच बघितलं. आता ही फाडून खाणार, असं मला वाटलं.

"म्हणजे स्कॅन आठ एक्केचाळीसला संपतो," ती साहेबांना म्हणाली. "खिडकीवरचे लोक खरं सांगत होते. स्कॅन चारला सुरू करू या, साहेब. माणसं रोज उभी असतात तिथे."

मग तिने घड्याळ मनगटावर खाली ओढलं, माझे चौदा खोडले, एकशे एकसष्ट लिहिले आणि शेजारी बारीक अक्षरात कारण: केसपेपर वाढले. माझं नाव कारणात घातलं नाही.

उपप्रमुख तीच झाली. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. दोन वर्षांतला त्यातला पहिला खरा आकडा तिच्या हातचा आहे, आणि बाईचं अक्षरही सुरेख आहे, याचा मला अजून राग येतो.