फुनाबोरीत अथेन्स शिकवताना

पुण्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात मी नऊ वर्षं इतिहास शिकवत होते. एम.ए.ला माझा विषय प्राचीन ग्रीस आणि रोमची सुरुवातीची शतकं हा होता. तिथेही लोक विचारायचेच, शिवकाल सोडून हे काय घेतलंस? पण वर्गात उभं राहिलं की ते सगळं विसरायला व्हायचं. लग्नानंतर तोक्योला आले आणि वर्ग संपला. जपानमधला तो मोठा भूकंप आणि त्सुनामी होऊन दोन वर्षं झाली होती. नवरा एका आयटी प्रोजेक्टवर आधीपासूनच इथे होता. तोक्योच्या फुनाबोरी भागात भाड्याने घर घेतलं, तेव्हा त्याच्या ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याने हमीदार म्हणून सही केली. त्या सहीशिवाय आम्हाला कुणी किल्ली दिली नसती.

पहिलं वर्ष मी 'तुम्हाला काय काय येतं?' या प्रश्नाला उत्तरं देण्यात घालवलं. मी इतिहास म्हटलं की समोरचा माणूस मान डोलवायचा आणि विचारायचा, मेंदी येते का? योगासनं? करी? मला मेंदी येत नाही. योगासनं शाळेत केली तेवढीच. तरी दोनदा कुणाकुणाच्या आग्रहाखातर मी सामोसे तळून दिले आणि घरी येऊन चिडून भांडी घासली.

आमच्या भागात एक स्वयंसेवी मंडळ होतं. परदेशी रहिवाशांशी मैत्री वाढावी म्हणून ते शनिवारी सकाळी छोटे वर्ग घ्यायचे. त्यांच्या संयोजक बाईंना मी चिकाटीने चार ईमेल पाठवले आणि शेवटी त्यांनी मला सहा शनिवार दिले. त्यांना भारताचा इतिहास हवा होता. मी अथेन्स आणि रोम मागितलं. त्या म्हणाल्या की जपानी लोकांनाही रोम आवडतं, तेव्हा चालेल. मी इंग्रजीत बोलायचं आणि मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद त्याचं जपानी करून सांगणार, असं ठरलं.

हे गृहस्थ पंचाहत्तरीचे असतील. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. निवृत्तीनंतर पत्नीबरोबर ते ग्रीसची सहल करून आले होते आणि पहिल्या भेटीतच त्यांनी मला अल्बम दाखवला. मला फार बरं वाटलं. या देशात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी माझ्या विषयावर बोलत होतं.

पहिल्या शनिवारी पंचवीसेक माणसं आली, बहुतेक निवृत्त. मी अथेन्सची लोकशाही घेतली होती. तिथे बहुतेक पदं मतदानाने नव्हे तर चिठ्ठ्या काढून भरत, न्यायालयात कोण बसणार हेही तसंच ठरे, आणि त्यामागचा विचार असा की राज्य चालवणं हे प्रत्येक नागरिकाला जमलं पाहिजे. हे सगळ्यांना आवडलं, कारण त्यांच्या इमारतींच्या समित्याही चिठ्ठ्या काढूनच नेमल्या जात. मग मी सांगितलं की हा 'प्रत्येक नागरिक' म्हणजे गावातला थोडाच भाग. बायका त्यात नाहीत, गुलाम नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे परदेशी नाहीत. मी तीन-चार मिनिटं बोलले असेन. सेन्सेईंनी ते एका वाक्यात उरकलं आणि लोक हसतमुखाने माना हलवू लागले. मला वाटलं, जपानी भाषाच आटोपशीर असेल.

दुसऱ्या शनिवारी मी फक्त त्या परदेशी लोकांवर बोलले. अथेन्समध्ये त्यांच्यासाठी वेगळा शब्द होता, मेटिक. ते नगराच्या बंदरात व्यापार करत, भांडी घडवत, वेगळा कर भरत, युद्ध आलं की सैन्यातही जात. पण त्यांना जमीन घेता येत नसे, सभेत हात वर करता येत नसे, आणि प्रत्येकाला एक नागरिक जामीनदार म्हणून दाखवावा लागे. हे बोलताना मला आमच्या घराच्या कागदावरची ती सही आठवत होती, पण मी ते बोलले नाही. मी बोलत होते ते शांतपणे ऐकलं जात होतं. सेन्सेई बोलू लागले आणि खोलीत हशा पिकला. मी हसण्यासारखं काहीच म्हटलं नव्हतं.

पुढच्या तयारीसाठी म्हणून मी दोन्ही भाषणं फोनवर रेकॉर्ड केली होती. माझी एक पुण्याचीच मैत्रीण तीन स्टेशनं पलीकडे राहते. ती कॉलेजपासून जपानी शिकलेली, आता एका कंपनीत भाषांतराचंच काम करते. रविवारी दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात बसून तिला ते ऐकवलं. ती भेंडी चिरत होती. मधेच तिने सुरी खाली ठेवली आणि तो तुकडा परत लावायला सांगितला.

"अगं, तू त्या परदेशी लोकांबद्दल एवढं बोललीस ना," ती म्हणाली, "त्याचं यांनी काय केलंय माहितीये? 'अथेन्समध्ये परदेशी पाहुण्यांचंही मनापासून स्वागत होत असे.' एवढंच."

आणि हशा? सेन्सेईंची पत्नी अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर कशी हरवली आणि दुसऱ्याच देशाच्या सहलीबरोबर जेवून आली, ती गोष्ट.

 नऊ वर्षं शिकवताना मुलांनी जांभया दिल्या होत्या, पेपरात काहीच्या काही लिहिलं होतं, पण माझ्या तोंडी कुणी न बोललेलं घातलं नव्हतं. मैत्रीण म्हणाली, सोड, त्यांचा हेतू वाईट नसणार. मला ते पटत होतं आणि म्हणूनच जास्त राग येत होता. वाईट हेतू असता तर भांडता आलं असतं.

तिसऱ्या वर्गानंतर मी त्यांना स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात नेलं. शक्य तितक्या नम्रपणे मी सांगितलं की माझे काही मुद्दे गळताहेत. त्यांनी नाकारलं नाही. त्यांनी कप बशीत ठेवला आणि म्हणाले की ही माणसं सुट्टीच्या सकाळी हौसेने येतात. तुम्ही बोललात ते तसंच सांगितलं तर त्यांना वाटेल, पाहुणी आपल्याला बोल लावतेय. त्यांना अवघडल्यासारखं होईल आणि तुमच्याबद्दलचं मत वाईट होईल. मी तुम्हालाच सांभाळून घेत होतो.

"मी पाहुणी नाही," मी म्हटलं. "मी इथे राहते."

 ते खिडकीबाहेर बघत हळू आवाजात म्हणाले, "भूकंपाच्या वर्षी आमच्या गल्लीतली सगळी परदेशी कुटुंबं आठवड्याभरात निघून गेली. ज्याला जाता येतं तो पाहुणाच, नाही का?"

 माझा नवरा त्या आठवड्यात मिळेल ते विमान पकडून मुंबईला गेला होता आणि दोन महिन्यांनी परतला होता. त्याच्या आईने फोनवर रडून रडून त्याला बोलावून घेतलं होतं. त्यात त्याचं काय चुकलं, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्या क्षणी मी गप्प बसले, आणि सेन्सेईंनी ते गप्प बसणं म्हणजे होकार असं धरलं. निघताना त्यांनी माझ्या कॉफीचं बिलही देऊन टाकलं.

मी संयोजक बाईंना लिहिलं. उत्तर लगेच आलं. मोलाच्या अभिप्रायाबद्दल त्यांनी आभार मानले होते आणि शेवटच्या वर्गाला भारतीय चहा करता येईल का, असं विचारलं होतं.

चौथ्या आणि पाचव्या शनिवारी रोम. राजांना हाकलून रोमनांनी एका राजाच्या जागी दोन अधिकारी कसे नेमले, तेही एकाच वर्षासाठी आणि एकमेकांना अडवण्याचा हक्क देऊन, हे मी सांगत होते. आता रेकॉर्डिंग ऐकण्याचीही गरज नव्हती. मधूनमधून मला अंघोळीला वापरतात तो जपानी शब्द ऐकू येत होता आणि लोक पुढे सरसावून बसत होते. मी अजून राजांना हाकलत होते आणि सेन्सेई त्यानंतरच्या पाच-सहाशे वर्षांवरून उडी मारून स्नानगृहांपर्यंत पोचले होते. एकाने गरम पाण्याच्या नळांबद्दल प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं, दुसरं काय करणार?

शेवटच्या वर्गाला तीन आठवडे होते, कारण मधे दोन शनिवार सुट्टी होती. मी ठरवलं की त्या दिवशी पहिली वीस मिनिटं मी स्वतः जपानीत बोलणार. माझं जपानी म्हणजे कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा आणि डब्यात अंडं आहे का, इथपर्यंतचं. मैत्रिणीने माझ्या मजकुराचं साधं, छोट्या वाक्यांचं जपानी करून दिलं आणि मी ते देवनागरीत उतरवून पाठ करत बसले. ट्रेनमध्ये, भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. नवरा म्हणाला, एवढं कशासाठी? पंचवीस म्हातारी माणसं तर आहेत. त्याच्याशी मी दोन दिवस धड बोलले नाही.

त्या सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी सेन्सेईंना सांगितलं आणि मैत्रिणीने लिहून दिलेली पानं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती सावकाश वाचली. मेटिकांचं पान आलं तेव्हा ते थांबले. मग खिशातली पेन्सिल काढून त्यांनी दोन ठिकाणी व्याकरण दुरुस्त केलं, जामीनदाराच्या वाक्याला हात लावला नाही, आणि पानं नीट जुळवून मला परत दिली. मला रडू येईल असं वाटलं आणि त्याच वेळी ती पेन्सिल हिसकावून घ्यावीशीही वाटली.

मी बोलले. रोममधल्या सामान्य लोकांना उमरावांशी लग्न करायलाही बंदी होती, मोठी पदं मिळत नव्हती, पण लढाईला मात्र तेच जात. एकदा ते सगळे शहर सोडून बाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले. त्यांनी कुणाला मारलं नाही, फक्त काम बंद केलं. तेव्हा कुठे त्यांना त्यांच्यातलेच प्रतिनिधी मिळाले, आणि त्या प्रतिनिधींना अधिकाऱ्यांचा हुकूम थांबवता येत असे. तिथून मी अथेन्सच्या मेटिकांकडे परत आले आणि दुसऱ्या शनिवारचं सगळं, जामीनदारासकट, पुन्हा सांगितलं. दोनदा अडखळले. एक शब्द असा काही उच्चारला की पुढच्या रांगेतले आजोबा गोंधळून शेजाऱ्याकडे बघू लागले. पण या वेळी कुणी हसलं नाही.

मागच्या रांगेत एक बाई सहाही शनिवार आल्या होत्या. सत्तरीच्या, आखूड पांढरे केस, मांडीवर वही. त्यांनी आजवर एकही प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी हात वर केला आणि जपानीत काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. सेन्सेईंनी इंग्रजीत सांगितलं, "त्या विचारताहेत, किती पिढ्यांनी ते नागरिक होत?"

मी म्हटलं, सहसा कधीच नाही. नातूही मेटिकच राहायचा. क्वचित एखाद्याला खास ठराव करून नागरिक करत.

सेन्सेईंनी ते जपानीत सांगितलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि मग न उठताच बोलू लागल्या. सेन्सेई ऐकत राहिले.  मग त्यांनी एकेक वाक्य सुटं करून मला सांगितलं:

"माझे वडील कोरियातून आले. माझा जन्म इथला. मुलांचा इथला, नातवंडांचाही इथला. मतदानाच्या दिवशी आम्ही घरी असतो."

सहा शनिवारांत त्यांनी एक शब्दही न गाळता केलेलं ते बहुधा पहिलं भाषांतर होतं.  कुणीतरी खोकलं. संयोजक बाई लगबगीने उठल्या, सहाही शनिवार येण्याबद्दल सगळ्यांचे आभार मानले आणि आता भारतीय चहा घेऊ या म्हणाल्या. मी चहा गाळायला गेले.  वळून पाहिलं तेव्हा त्या बाई निघून गेल्या होत्या.

अभिप्रायाचे कागद नंतर ईमेलने आले. बहुतेकांनी लिहिलं होतं, चहा छान, स्नानगृहांची माहिती रंजक. दोघांनी लिहिलं होतं, विषय जरा जड. पुढच्या वर्षासाठी मंडळाने मला 'भारतीय मसाल्यांची ओळख' घ्याल का असं विचारलं. मी नाही म्हटलं. तो वर्ग आमच्याच इमारतीतल्या एका बाईंनी घेतला आणि फार चांगला घेतला म्हणे.

महिन्याभराने सेन्सेईंचं पाकीट आलं. आत माझ्या पहिल्या भाषणाचं पूर्ण जपानी भाषांतर होतं, सुवाच्य अक्षरात; मैत्रिणीने वाचून सांगितलं, बायका, गुलाम आणि परदेशी सगळे आपापल्या जागी आहेत. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की बाकीची पाच पाठवतो. ती आली नाहीत. मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, हल्ली डोळे दुखतात. खरं असेल. मला अजूनही ठरवता येत नाही की त्यांच्यावर रागवावं की नाही, आणि हे न ठरवता येणंच मला जास्त छळतं.

त्या बाई मला पुढच्या हिवाळ्यात स्टेशनबाहेरच्या भाजीच्या दुकानात भेटल्या. त्यांनीच मला ओळखलं. मी पुन्हा वर्ग घेणार का, असं त्यांनी विचारलं, आणि मग, ती टेकडीवर बसलेली माणसं खाली आल्यावर त्यांचं पुढे काय झालं? हा प्रश्न मला समजला. उत्तरही पाठ होतं, दोनशे वर्षांचं उत्तर: एकेक कायदा, लग्नाचा हक्क, मग मोठी पदं. मी सायकल भिंतीला टेकवली आणि सुरुवात केली. तिसऱ्या वाक्यात 'कायदा' या शब्दाशी अडकले. आठवेना. मी हातवारे केले, फोनमध्ये शोधलं, भलताच शब्द निघाला. त्या मुळ्याची जुडी हातात धरून उभ्या होत्या, घाई न करता, माझ्या तोंडाकडे बघत.