मामांच्या चित्रात सुटून आलेला माणूस

आमच्या हिच्या मामांच्या घरात आजवर कुणीही सरळ शिरलेलं नाही. नाशिकरोडच्या त्या दोन खोल्यांत पाऊल टाकलं रे टाकलं की आतून आरोळी येते, "थांबा! तस्सेच!" आणि पाहुणे, कुरिअरवाला, खांद्यावर सिलेंडर घेतलेला गॅसवाला, सगळे उंबऱ्यावर पुतळे होतात. मामा शाळेत चित्रकला शिकवायचे. गेली अकरा वर्षं ते एकच तैलचित्र रंगवताहेत. आणीबाणीत तुरुंगात टाकलेले त्यांचे वडील सुटून अचानक दारात उभे राहतात, तो क्षण. भिंतीवरचं कॅलेंडर, भरभरणारा स्टोव्ह, मांडीवरचं तांदळाचं सूप सांडून उठलेली आई, सगळं इतकं हुबेहूब की त्या स्टोव्हची काजळी पुसायला मामी एकदा फडकं घेऊन धावल्या होत्या. फक्त दारातल्या माणसाचा चेहरा काही केल्या जमत नाही.

त्या चेहऱ्यापायी मलाही मामांनी कांद्यांनी भरलेली ट्रंक देऊन पाऊण तास दारात उभं केलं होतं. वर म्हणाले, "जावईबापू, तुरुंगातून आलाय तुम्ही! तुमच्या चेहऱ्यावर नुसता आमरस दिसतोय." एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून दमून परतणारे एक शेजारी पंधरा दिवस त्या चित्रात नांदले. मग मामांनी तेही खरवडून काढले. "हा सुटून आलेला नाही हो, ह्याची नुसती शिफ्ट सुटलीय." मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माझाच चेहरा लावा की! इतकी वर्षं मीही आतच आहे."

गेल्या दिवाळीत न राहवून मी विचारलं, "मामा, त्या दिवशी वडील दिसत होते तसेच का नाही काढत?"

मामा ब्रश पुसत म्हणाले, "बघितलंच नाही मी. सात वर्षांचा होतो. कुणीतरी दाढीवाला आत येतोय एवढं दिसलं, आणि पळालो पलंगाखाली. आईनं किती हाका मारल्या, पण बाहेर आलो नाही."

"मग?"

"मग तेच आले सरपटत पलंगाखाली."

"म्हणजे तेव्हा तरी दिसलेच असतील."

"अंधार होता. दाढी टोचली, एवढंच आठवतं."

परवा गेलो, तर मामांनी नवा कॅनव्हास लावलेला. गुडघ्यांमुळे त्यांना वाकवत नाही, म्हणून पलंगाच्या चारही पायांखाली विटा रचल्यात. खुर्चीत बसून मामा पलंगाखालचा काळोख न्याहाळत असतात. मामींना आता झोपायला स्टुलावर चढावं लागतं. पण त्याबद्दल त्या एक अक्षर बोलत नाहीत.