तिसरा नकार खरा

शनिवारी दुपारी चारला आमच्या मजल्यावर वेलदोड्याचा वास सुटायचा. सिंगापूरच्या सेम्बावांग भागातल्या त्या बाराव्या मजल्यावर मी नवीन होते. पहिल्या शनिवारी मला खात्रीच वाटली की कुणीतरी मराठी माणूस श्रीखंड करतंय. मराठी शेजारी निघाले तर ओळख करून घ्यावी लागेल, या भीतीने मी दार आतून लावून घेतलं.

दुसऱ्या शनिवारी कपड्यांची पावडर संपली, म्हणून बाहेर पडावंच लागलं. लिफ्टपर्यंत जाण्याची माझी एक पद्धत होती. मोबाइल कानाला लावायचा, पलीकडे कुणी नसताना "हं, हं, बरोबर" म्हणत राहायचं आणि लोकांची दारं ओलांडायची. दोन घरं सोडून एका दाराबाहेर लाकडी बाकडं मांडलं होतं. त्यावर पांढऱ्या केसांच्या, उंच, गोऱ्या एक आजी बसल्या होत्या. शेजारी कॉफीची किटली आणि वेणीसारखा विणलेला एक लांबट पाव.

"कॉफी?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नो, थँक यू," मी फोन कानाला धरूनच म्हटलं.

"एक," त्या म्हणाल्या आणि एक बोट वर केलं. "कॉफी?"

"नो, नो, रियली."

"दोन." दुसरं बोट. "कॉफी?"

तिसऱ्यांदा नाही म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या कानाजवळ फोन जोरात वाजला. आईचा होता. त्या आजींनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाकड्यावर सरकून जागा केली. मी बसले. दुसरं काय करणार होते?

आयली आंटींशी माझी ओळख ही अशी झाली. त्यांचे दिवंगत पती इथलेच, चिनी, सेम्बावांगच्या शिपयार्डात इंजिनिअर होते. त्या स्वतः अमेरिकेतल्या डाकोटाच्या. पण "तुम्ही अमेरिकन का?" असं विचारलं की त्या जरा दुखावल्यासारख्या म्हणायच्या, "कागदोपत्री." त्यांची आजी हिल्मा फिनलंडहून तिथे गेली होती. सरकार शेती करणाऱ्याला माळावरची जमीन फुकट देत होतं, म्हणून नवरा-बायको दोन मुलं घेऊन बोटीत बसले. उतरले तिथे क्षितिजापर्यंत गवत. झाड म्हणून नाही. मुळांसकट गवताच्या ढेपा कापून, त्या विटांसारख्या रचून त्यांनी पहिली खोली उभी केली. ती राहण्याची नव्हती, वाफेच्या अंघोळीची होती.

"घर नंतर. आधी साउना," आयली आंटी म्हणायच्या. "माणूस उबदार आणि स्वच्छ असला की मग कुठेही झोपतो. माझा बाप त्या साउनातच जन्मला." पुढे आसपास आणखी फिनिश कुटुंबं आली तेव्हा दर शनिवारी सगळे गाड्या जुंपून कुणातरी एकाच्या साउनाला जायचे, आणि अंघोळीनंतर कॉफी आणि हा वेलदोड्याचा पाव. सिंगापूरच्या हवेत वेगळी वाफ लागत नाही, म्हणून आंटींनी फक्त कॉफी आणि पाव ठेवला होता.

"पण झाडं नाहीत तर जाळायचं काय?" मी एकदा विचारलं. त्या बाकड्यावर स्वतःहून बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. तोवर मी सहा शनिवार फक्त मान हलवली होती.

"गवत पिळून पिळून. आणि वाळलेलं शेण."

मला एकदम सांगावंसं वाटलं की आमच्याकडेही गोवऱ्या असतात. पण गोवऱ्या मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेल्या. पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलीने डाकोटाच्या बाईला शेणाबद्दल काय सांगायचं? मी पुन्हा मान हलवली.

तीन बोटांचं कारणही त्यांनी हिल्माआजीच्या गोष्टीतून सांगितलं. तिच्या पहिल्या हिवाळ्यात जवळचा शेजारी एक अमेरिकन होता, मैलभर अंतरावर. भला माणूस. बर्फ पडायच्या आधी तो मुद्दाम घोड्यावरून आला आणि त्याने विचारलं, काही हवंय का? हिल्माने अर्थातच नको म्हटलं. फिनिश बाई पहिल्यांदा नकोच म्हणणार. तो म्हणाला, ठीक आहे, आणि निघून गेला. हिल्मा दारात उभी राहून तो मागे वळायची वाट पाहत राहिली. त्या हिवाळ्यात घराने सलगमाचे कंद खाल्ले. नुसते सलगम. पुढच्या वर्षी एक फिनिश कुटुंब शेजारी आलं. त्या बाईने तीनदा विचारलं आणि खायला अर्धी गाय ठेवून गेली.

"पहिला नकार आईने शिकवलेला असतो, दुसरा लाजेचा, तिसरा खरा," आयली आंटी म्हणायच्या. "आम्ही माळावर सभागृह बांधलं, नाटकं केली, भांडलो. सगळं कशासाठी? तर तीनदा विचारणारं कुणीतरी जवळ असावं म्हणून."

मी हसले. खरं तर मला हे नवीन नसायला हवं होतं. माझी आई, मी ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून तिसरी पोळी सरकवते. पण शाळेत मी शिकले होते की नाही म्हणजे नाही, आणि दुसऱ्याच्या नकाराचा मान ठेवावा. आग्रह मला जरा गावठी वाटायचा. सिंगापूरची नोकरी घेताना एक सुप्त आनंद हाही होता की इथे कुणी आग्रह करणार नाही.

मग आयली आंटी न्हाणीघरात पडल्या. मनगट मोडलं. त्यांचा मुलगा पीटर अमेरिकेत असतो. त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ कुणी येऊन बघणारं असेल तर ठीक, नाहीतर मी येतो आणि तुला घेऊन जातो. तिकडे वृद्धांसाठी चांगली जागा आहे. आंटींनी हे मला हवामान सांगावं तसं सांगितलं. पन्नास वर्षं त्या या किनाऱ्यावर राहिल्या होत्या, पतीच्या अस्थीही इथेच ठेवलेल्या होत्या.

"मी येऊ का रोज?" मी विचारलं.

"नको गं. तुझी नोकरी आहे."

"ओके," मी म्हटलं.

आणि घरी आले. मला वाटलं, आपण किती समंजस! विचारलंही आणि लुडबुडही केली नाही. थोडी सुटकाही वाटली, खोटं कशाला बोलू. रोज दोनदा कुणाशी तरी बोलायचं म्हणजे केवढं!

तीन दिवसांनी लिफ्टमध्ये समोरच्या घरातले अंकल टॅन भेटले. नेहमीप्रमाणे बनियनवर, हातात खालच्या हॉकर सेंटरमधल्या, खाण्याच्या गाळ्यांवरच्या नूडल्सची पिशवी.

"आयली गोइंग बॅक अमेरिका, यू नो? सन बुक टिकेट ऑलरेडी."

"मी विचारलं होतं त्यांना," मी घाईने म्हटलं. "त्या नको म्हणाल्या."

"यू आस्क हाउ मेनी टाइम?"

मी एक बोट वर केलं.

"अय्या! वन टाइम ओन्ली?" अंकल टॅननी नूडल्सची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "टेलिफोन कंपनी आस्क वन टाइम, लाह. नॉट नेबर."

लिफ्ट बाराव्या मजल्यावर थांबली तेव्हा मला कळलं होतं. हिल्माआजीच्या गोष्टीत मी स्वतःला नेहमी हिल्मा समजत आले होते. मी तर घोड्यावरचा तो भला माणूस निघाले. आणि घोडाही नव्हता.

मी सरळ त्यांच्या दारात गेले. "मी रोज येईन," म्हटलं.

"नको. तुला माणसं आवडत नाहीत."

"नाहीतच आवडत. तरी येईन."

"उगाच कशाला."

"येणार आहे."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "हे पीटरला तू सांग."

अनोळखी माणसाला फोन करायच्या आधी मी वाक्यं लिहून घेते. बँकेला फोन करतानाही. त्या दिवशी आंटींच्या स्वयंपाकघरात पावाच्या पिठाच्या पिशवीवर मी चार वाक्यं लिहिली. पीटरने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फार चांगल्या आहात तुम्ही. पण नको, तुम्हाला त्रास."

माझी वाक्यं संपली होती. मी फोन ठेवणारच होते. समोर प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून बसलेल्या आयली आंटींनी दुसरा हात वर केला. एक बोट.

"मला त्रास नाही," मी म्हटलं. "मी येईन."

"खरंच नको. ती हट्टी आहे."

दोन बोटं.

"मीसुद्धा आहे," मी म्हटलं. आयुष्यातलं माझ्याबद्दलचं सर्वांत मोठं खोटं. "मी येणार."

मग पीटर म्हणाला, "ऑल राइट." आंटींनी तिसरं बोट वर केलंच नाही. त्या उठल्या आणि एका हाताने किटली भरायला लागल्या.

त्यानंतर त्या चौदा महिने तिथे राहिल्या. मी सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी तासभर. पावाची वेणी घालायला शिकले, माझी वेणी पाहून त्या म्हणायच्या, "हा पाव अपघातातून वाचलेला दिसतो." गोवऱ्यांचंही सांगून टाकलं एकदाचं. एका सकाळी मी किल्लीने दार उघडलं तर त्या उठल्या नव्हत्या. झोपेतच गेल्या होत्या. पतीच्या शेजारी त्यांचीही जागा झाली.

घर आवरायला पीटर आला. साठीचा, त्यांच्यासारखाच उंच. शनिवारची दुपार होती आणि कॉरिडॉरला कसलाही वास नव्हता. खोकी भरता भरता त्याने किटली उचलली आणि मला विचारलं, "ही तुम्हाला हवी आहे का?"

"नो, नो," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

"ओके," तो म्हणाला आणि किटली कागदात गुंडाळायला लागला.

चार पिढ्यांत नकार तेवढा त्यांच्या घरात शिल्लक राहिला होता, पुन्हा विचारणं आंटींपाशीच संपलं होतं. आमच्या घरात ते माझ्यापाशी सुटलं. तो खोक्यावर चिकटपट्टी लावायला लागला. मी दारात उभी होते, हिल्मा उभी होती तशी. चिकटपट्टी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत आली तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू आला.

"पीटर," मी म्हटलं, "अजून दोनदा विचाराल का, प्लीज?"