वहिनीनं राखलेले दात

आमच्या वहिनीला माणसाचा चेहरा नंतर दिसायचा, आधी दात दिसायचे. पाहुणे जेवून उठले, की ती हळूच आईला म्हणायची, "त्या मामांची डावी दाढ किडलीय बघा. उजवीकडनंच चावत हुते." आई पदर तोंडाला लावून हसायची.

उमरग्याच्या पलीकडून, कानडी मुलखाच्या कडेवरून ती लग्न होऊन बेंबळीला आली. मी तिच्याहून लहान; तरी रीतीप्रमाणे मला 'वन्सं' म्हणायची, अहो-जाहो करायची. राग आला की मात्र मराठी विसरायची.

माझे वरचे दात फार पुढे आलेले होते. आमचे वडील, अण्णा, कापडाच्या खरेदीला सोलापूरला जात. सोलापूर निजामाच्या हद्दीबाहेरचं. तिथल्या दाताच्या डॉक्टरांकडून त्यांनी माझ्या दातांना पट्ट्या आणि तार बसवून घेतली. सोबत वहिनी होती. डॉक्टरांनी तिलाच बजावलं, "तारेखाली अन्न अडकलं की तिथं जंतू वाढतात. दातावर पांढरे डाग पडतात, मग तिथंच कीड लागते. पडलेला डाग पुसून जात नाही." वहिनीनं विचारलं, "आन् राखुंडी?" "मुळीच नको. दाताची चकाकी खरवडून निघते."

त्या दिवसापासून माझं तोंड वहिनीच्या ताब्यात गेलं. प्रत्येक जेवणानंतर ती मला अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवी. "वन्सं, आ करा." मी कंटाळून ओठ मिटले, की आवाज चढे, "बाय तेगीरी!" म्हणजे तोंड उघडा. मऊ ब्रश पट्टीच्या कडेनं फिरवायची, ओला दोरा तारेखालून ओवायची, शेवटी कोमट मिठाचं पाणी. हात इतका हलका, की मला कधीकधी झोप यायची.

वेळ अमावस्येला शेतात सगळे अंबील पीत होते, गुळाची पोळी खात होते. मी एक घास तोंडात घातला, तोच वहिनी ताट सोडून लोटी घेऊन आली. चुलत्या हसल्या. एक जण म्हणाली, "अगं, सणाचं तरी खाऊ दे की पोरीला!"

"खाऊ द्या की. म्या न्हाय कुठं म्हणती? पर चूळ भरायची."

परतताना मी फुरंगटून गाडीत मागं बसले होते. तेव्हा तिनं धाकट्या बहिणीचं सांगितलं. तिची दाढ किडली होती. गाल सुजला, सूज गळ्याखाली उतरली, ताप भरला. "शेवटाला पाणीसुदीक गिळंना झालं तिला, वन्सं. दातापायी माणूस जातं, हे कुणाला खरं वाटत न्हाय." पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. मीही पुन्हा ओठ मिटले नाहीत.

मग रझाकारांची धास्ती वाढली. शेजारच्या गावातून धूर दिसला, तेव्हा अण्णांनी गाडी जुंपली आणि आम्ही हद्दीपलीकडच्या छावणीत गेलो. भांडी, अंथरुणं बरीचशी मागंच राहिली. माझा ब्रश वहिनीनं कनवटीला खोचून आणला होता.

छावणीत माणसं फार आणि पाणी गढूळ. जळण मिळायचं नाही. वहिनी काट्याकुट्या वेचून लोटीभर पाणी उकळायची, मीठ टाकायची आणि मला द्यायची. "हेच तोंडात घ्या. त्या डबक्याचं नगं." स्वतः मात्र सगळ्यांबरोबर तेच डबक्याचं पाणी प्यायची. तेव्हा ते मला दिसत होतं, पण कळत नव्हतं.

छावणीत पटकी आली. पहाटे वहिनीला उलट्या-जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, बोटं सुरकुतली. दादा, माझा थोरला भाऊ, डॉक्टरच्या शोधात धावत होता. मी लोटी घेऊन जवळ बसले, तर ती म्हणाली, "तुमी खाल्लं का? मग चूळ भरा आदी." उन्हं उतरायच्या आत ती गेली. आमच्यात पुरतात. दादानं तिला तिथल्याच माळावर, परक्या मातीत ठेवलं.

पुढं दात मीच साफ करू लागले. दोरा हिरडीला लागायचा, रक्त यायचं. आई म्हणायची, "आण, मी करते," पण मी कुणाला हात लावू दिला नाही.

निजामाचं राज्य गेलं, आम्ही घरी आलो. काही महिन्यांनी दादा मला सोलापूरला घेऊन गेला. डॉक्टरांनी तार काढली, पट्ट्या सोडवल्या, आरसा फिरवून एकेक दात पाहिला. दात सरळ होते आणि एकावरही डाग नव्हता. "अशी राखण मी पाहिली नाही," ते म्हणाले. "त्या बाई सोबत होत्या ना? त्यांना घेऊन या एकदा. माझ्या पेशंटांना त्यांनी शिकवावं."

मी दादाकडं पाहिलं. तो टोपी नीट करत म्हणाला, "व्हय, आणतो की."

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी त्याचा हात धरला. "दादा, असं का सांगितलंस?"

 तो म्हणाला, "त्या एका माणसापुरती तरी ती घरी हाय. ऱ्हाऊ दे."